पंतांचा गाळलेला ठोका

प्रिय टिटवे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस. कान बरा होतोय, जेवण वेळेवर आहे, गुडघे पूर्वीसारखेच कुरकुरतात. फोन असताना पत्र कशाला, असं जावईबापू विचारतील. त्यांना सांग, म्हाताऱ्याला लहर आली. फोनवर मी अर्धं ऐकतो आणि उरलेलं आपल्या मनानं भरतो, आणि तू माझं वाक्य संपायच्या आत त्याचं उत्तर देऊन मोकळी होतेस. ही तुझ्या आईची सवय. कागदावर मला कुणी मधेच अडवत नाही, म्हणून आज पोटभर बोलणार आहे. चहा करून घे, पाय वर घेऊन बस आणि सगळं ओळीनं वाच. कादंबरीचं शेवटचं पान आधी उघडायची तुझी खोड मला ठाऊक आहे. इथे ती चालायची नाही.

सामान बांधून झालं का, हे तू आता कितव्यांदा विचारलंस कोण जाणे, आणि प्रत्येक वेळी मी काहीतरी कारण पुढे केलं. कधी कानाची तपासणी राहिली होती, कधी पुस्तकांसाठी खोकी मिळत नव्हती, आणि मग तर घोडाच आला मधे. माझ्या उजव्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू सगळं टाकून धावत आलीस, आणि कानात कापूस कोंबून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कोरडा पाव खाणारा बाप बघून तुझं डोकंच फिरलं. डावा कान तर एका वळूनं मला गोठ्याच्या भिंतीवर आपटलं तेव्हापासून नावालाच आहे. जनावर तोंडानं काही सांगत नाही, त्याच्या छातीला नि पोटालाच विचारावं लागतं, आणि ते उत्तर ऐकायला कान नसतील तर असला डॉक्टर काय कामाचा? तेव्हा दवाखाना नव्या डॉक्टरच्या हवाली करायचा आणि तुमच्याकडे येऊन राहायचं, असं तू ठरवलंस आणि मी मान डोलावली. जावईबापूंनी मागची खोली रंगवली, तू खिडकीशी खुर्ची मांडलीस, फोटो पाठवलास. छान खोली आहे. तुझी आई गेल्यावर इतक्या मायेनं माझ्यासाठी कुणी काही मांडून ठेवलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे राहून जायला नको.

आता घोड्याची गोष्ट. ती तुला तुकड्यातुकड्यानं माहीत आहे, पण मधले बरेच तुकडे मी माझ्याकडेच ठेवले होते. बस डेपोच्या मागे जी घोडेस्वारीची शाळा आहे, तिथला सर्वांत म्हातारा घोडा म्हणजे पंत. तपकिरी रंग, कपाळावर पांढरा ठिपका, आणि चेहरा असा की नुकताच कुणाचा तरी रजेचा अर्ज नामंजूर करून आलेत. पहिल्यांदा खोगिरावर बसणारं प्रत्येक पोर पंतांच्याच पाठीवर बसतं, कारण पंत घाई करत नाहीत, बिचकत नाहीत, आणि पोर एका बाजूला घसरायला लागलं तर आपण होऊन थांबतात. आपला नवा डॉक्टर शाळेतल्या जनावरांची वर्षाची तपासणी करायला गेला, पंतांच्या छातीला नळी लावली, आणि त्याला घाम फुटला. काही ठोके व्यवस्थित पडत, मग एक ठोका गायब. पुन्हा काही ठोके, पुन्हा खड्डा. पाठीवर लहान मुलं बसणार आणि घोडा मधेच कोसळला तर? पुढची तपासणी होईपर्यंत या घोड्यावर कुणाला बसवू नका, असं त्यानं सांगितलं. त्याच्या जागी मीही हेच सांगितलं असतं. पण शाळेचा मॅनेजर म्हणजे असा भला माणूस की त्याला प्रत्येक गोष्टीत आधी अपघात दिसतो. पागेत जागा कमी, नवे घोडे यायचे होते, आणि ज्याच्यावर कुणी बसायचं नाही असा घोडा ठेवायचा तरी कुठे? त्यानं लांबचा एक शेतकरी गाठला आणि पंतांना तिकडे धाडायचं ठरवून टाकलं. तिथे त्यांचं पुढे काय होणार, हे त्यानं विचारलं नाही आणि शेतकऱ्यानं सांगितलं नाही.

हे सगळं मला कसं कळलं, तर एक दिवस सकाळी दार वाजलं. मला ते ऐकू आलं, यावरून केवढ्यानं वाजलं असेल याची कल्पना कर. दारात एक बाई. उंच, केस आखूड कापलेले, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, आणि बुटांना पागेचा ताजा पुरावा. त्यांनी ना नमस्कार केला ना नाव सांगितलं. म्हणाल्या, "तुम्ही घोड्यांचे डॉक्टर होतात ना?" मी म्हटलं, होतो, आता नाही. त्यावर म्हणाल्या, "मग जे होते त्यांनाच बोलवा. माझं काम त्यांच्याशी आहे."

टिटवे, मला हसायला आलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा इतकं हसलो की कानातला कापूस सरकला. बाई आपल्या गावातली सात नंबरची बस चालवायच्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. तूही कॉलेजला त्याच बसनं जायचीस, म्हणजे त्यांनी तुला कितीदा तरी नेऊन सोडलं असणार. जन्मभर स्टिअरिंग धरलं, आता लगाम धरायचाय म्हणून त्यांनी शाळेत नाव घातलं होतं, आणि नवशिक्या म्हणून त्यांच्याही वाट्याला पंतच आले होते. लहान मुलांच्या रांगेत आपला नंबर येईपर्यंत उभ्या राहायच्या. पंतांना धाडणार हे कळल्यावर मॅनेजरशी भांडून झालं, नव्या डॉक्टरशी भांडून झालं, आणि मग त्या डॉक्टरनंच त्यांना माझा पत्ता दिला. मुलगा गुणी आहे. त्याला स्वतःलाच खात्री करून घ्यायची होती, पण सबंध आयुष्य कुत्र्या-मांजरांत काढायचं ठरवून आलेला तो, घोड्याच्या बाबतीत त्याला कुणीतरी सोबत हवं होतं.

मी त्यांना माझी अडचण सांगितली. एका कानात काही घालायची बंदी, दुसऱ्यानं ऐकू येत नाही, मी येऊन करू काय? त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, कान माझे घ्या. आणि तसंच केलं आम्ही. पागेत पंत उभे, डोळे अर्धवट मिटलेले. मी त्यांचा डावा पाय थोडा पुढे ओढून कोपरामागची जागा दाखवली, ड्रायव्हरबाईंच्या कानात माझी जुनी नळी घातली, आणि माझा तळवा पुढे केला. जे ऐकू येईल ते तिथे बोटानं वाजवायचं, असं ठरलं. तुला माहीत आहे, विश्रांतीच्या वेळी घोड्याचं हृदय किती संथ चालतं. आपण गडबडीत असू तर वाट बघून जीव कंटाळेल. ठोका, थांबणं. ठोका, थांबणं. त्यांचं बोट माझ्या तळव्यावर पडत होतं, आणि मग पडायच्या वेळी पडलं नाही. मी श्वास रोखून उभा. पुन्हा ठोका. असं दोन-तीनदा झाल्यावर त्या म्हणाल्या की खड्ड्याच्या जागी अगदीच शांतता नाहीये. तिथे काहीतरी हळूच होतंय, कुणीतरी दारापर्यंत येऊन बेल न वाजवता परत गेल्यासारखं. आणि तेवढं त्यांनी करंगळीच्या टोकानं वाजवून दाखवलं.

मला तिथेच पंतांच्या मानेला मिठी मारावीशी वाटली. कारण त्या करंगळीचा अर्थ असा की हृदयाचे वरचे कप्पे आपला ठोका वेळेवर देतायत, फक्त खालच्या कप्प्यांपर्यंत त्या एका खेपेला निरोप पोचत नाहीये. आणि हा निरोप कोण अडवतं, तर बहुतेक वेळा वेगस नावाची ती भटकी नस, जी डोक्यातून निघून पार पोटापर्यंत हिंडते. कॉलेजात आम्हाला एवढंच शिकवलं होतं, की दणकट घोड्यांत आरामाच्या वेळी असं होऊ शकतं, घाबरू नका. पण का होतं, डोक्यात नेमकं कोण बसलंय, हे काही मला सांगता येईना, आणि ड्रायव्हरबाईंना 'घाबरू नका' एवढ्यानं भागणार नव्हतं. त्या म्हणाल्या, मॅनेजरचं तर मुळीच भागणार नाही. मी म्हटलं, याचं उत्तर माझ्या घरातच आहे, आणि घरी येऊन तुला फोन लावला.

आठवतंय, तू साताठ वर्षांची असताना मी तुला एका घोडीकडे घेऊन गेलो होतो? ती आडवी पडली होती आणि तू तिच्या छातीला कान लावून बराच वेळ बसलीस. मग मला विचारलंस, "बाबा, हे आतून कोण वाजवतंय?" मी म्हटलं, हृदय. तू म्हणालीस, ते कळलं, पण त्याला सांगतं कोण? मी घोडीच्या पायाला पट्टी बांधत होतो, मी तुला उत्तराऐवजी बादली आणायला पाठवलं. त्या प्रश्नाच्या मागे मागे तू पार त्या प्रयोगशाळेत जाऊन पोचलीस. गेल्या वर्षी तू मला तिथे नेलंस, अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसवलंस आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलंस. पापणीच्या केसाएवढं माशाचं पिल्लू, काचेसारखं आरपार, दोन काळे डोळे, आणि त्यांच्या मागे खाली हृदय लुकलुकतंय. त्यातून जाणारा रक्ताचा एकेक कण दिसत होता. तू म्हणालीस, आता बघा, आणि त्याच्या मेंदूच्या देठावर, जिथे डोकं संपून कणा सुरू होतो तिथे, प्रकाशाचा बारीकसा ठिपका पाडलास. काही थोड्या पेशी, ज्यांना तुम्ही प्रकाशानं जागं व्हायला शिकवून ठेवलं होतं. आणि हृदय थांबलं. तू प्रकाश काढून घेतलास, हृदय पुन्हा लुकलुकायला लागलं, जणू काही झालंच नाही. मी तेव्हा फक्त "बरं आहे" म्हणालो. तुला वाईट वाटलं असेल. पण मग परतीच्या प्रवासात शेजारच्या अनोळखी माणसाला मी पूर्ण वाटभर त्या माशाची गोष्ट सांगितली. तो बिचारा खिडकीची जागा सोडून पुढे जाऊन बसला.

तर त्या दिवशी तू फोनवर समजावून सांगितलंस ते मी इथे परत लिहितो, नीट कळलंय का ते बघ. हृदयाला स्वतःचा ताल असतो, त्याला चालायला कुणी सांगावं लागत नाही. उलट मोकळं सोडलं तर ते हवं त्याहून जोरात चालेल. मेंदूच्या देठात दोन्ही बाजूंना काही चेतापेशी असतात. त्यांचे लांब धागे त्या भटक्या नसेतून हृदयापर्यंत उतरतात आणि त्याला सतत सांगत राहतात, सावकाश, सावकाश. श्वास आत घेतला की त्या जरा गप्प होतात आणि ठोके भरभर पडतात, श्वास सोडला की पुन्हा बोलायला लागतात. पळायची वेळ आली की त्या जवळजवळ तोंडच मिटतात, आणि घाई करणाऱ्या दुसऱ्या नसा कामाला लागतात. माशात, कुत्र्यात, घोड्यात, माणसात, मांडणी थोडी इकडची तिकडे, पण काम तेच. आणि घोड्यात या पेशींचं बोलणं इतकं जोरकस की स्वस्थ उभं असताना एखादा ठोका गाळायलाच लावतात. मग तू म्हणालीस की खरं-खोटं करायचं तर सोपं आहे. त्याला पळवा. ठोका या पेशींमुळे गळत असेल तर पळताना गळणार नाही. हृदयातच बिघाड असेल तर पळाल्यावर ते आणखी अडखळेल.

तू विचारलंस, बाबा, तिकडे कोण हसतंय? मी म्हटलं, रेडिओ. तो रेडिओ नव्हता. कानामुळे मी फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला होता आणि समोर ड्रायव्हरबाई बसल्या होत्या. पेशी तोंड मिटतात हे ऐकून त्यांना हसू फुटलं. मग फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "म्हणजे इंजिन छातीत आणि ब्रेकवरचा पाय डोक्यात. उताराला मी तशीच न्यायची गाडी." आणि थोड्या वेळानं, हळूच, "मुलगी फार छान समजावते हो तुमची." मला किती अभिमान वाटला ते तुला सांगायचं राहूनच गेलं होतं. बाई परत गेल्यावर मी उगाचच घरभर फिरलो आणि भिंतीवरचा तुझा पदवीचा फोटो सरळ केला. तो वाकडा नव्हता.

आता पंतांना पळवायचं म्हणजे काय ते ऐक. नवा डॉक्टर ईसीजीचं यंत्र घेऊन आला, मॅनेजर हातात प्रथमोपचाराची पेटी घेऊन आला, ती घोड्यासाठी की आमच्यासाठी देव जाणे. डॉक्टर म्हणाला, लांब दोरीवर धरून गोल गोल पळवू. पंत दोरीच्या टोकाला उभे राहिले आणि आमच्याकडे असे बघायला लागले की आम्हीच गोल पळणं अपेक्षित आहे. तेव्हा ड्रायव्हरबाई म्हणाल्या, मी वर बसते. मॅनेजर नको नको म्हणत होता. मला विचारशील तर मलाही भीती वाटत होती, कारण माझा अंदाज चुकला तर पाठीवर त्या होत्या. मी त्यांना एकदा बाजूला घेऊन तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, मुलांच्या आधी कुणीतरी मोठ्या माणसानं बसून बघायलाच हवं, आणि बसल्या. टाच मारली, जीभ टाळ्याला लावून आवाज केला, बसच्या मागच्या सीटपर्यंत जाणाऱ्या आवाजात पंतांना विनंती केली. पंत चालले. चालतच राहिले. दुडक्या चालीनं पळणं ही गोष्ट त्यांनी तरुणपणीच आटोपून टाकली होती.

शेवटी मी घोड्यांच्या खाद्याच्या खोलीतून ओट्सची बादली उचलली, पंतांच्या नाकासमोर हलवली, आणि पळत सुटलो. टिटवे, तुझा बाप, जो तुझ्या शाळेच्या पालकांच्या शर्यतीत कधी भाग घ्यायला तयार झाला नाही, तो बादली घेऊन मैदानात पळत होता. मागून आधी टापा संथ वाजत होत्या, आणि मग मला त्या तळपायांतून जाणवायला लागल्या, भरभर, एकसारख्या. मागे वळून बघायची सोय नव्हती. मी पळतोय, मागे पंत, त्यांच्या पाठीवर ड्रायव्हरबाई, त्यांच्या मागे डॉक्टर, आणि कुंपणाशी मॅनेजर पेटी उघडून तयार. किती फेऱ्या झाल्या ते कुणी मोजलं नाही. मी थांबलो तेव्हा मला जमीन आणि आभाळ यांतला फरक कळत नव्हता. बाई उतरल्या, एक पाय रिकिबीत अडकला तो सोडवला, नळी कानात घातली, आणि मी हात पुढे केला.

ठक ठक ठक ठक. तळव्यावर त्यांचं बोट थांबेचना. भरभर, सारखं, कुठेही खड्डा नाही, करंगळी नाही. मी डोळे मिटून घेतले होते. त्या म्हणाल्या, "हात स्थिर ठेवा." मी म्हटलं, स्थिरच आहे. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "घोडा ठीक आहे. तुम्ही बसा." मी बादली उपडी घालून बसलो आणि पंतांनी सांडलेले ओट्स माझ्या पायांतून वेचून खाल्ले. पण काम अर्धंच झालं होतं. आम्ही सगळे तसेच थांबलो. पंतांचा श्वास खाली बसला, त्या तुझ्या पेशी पुन्हा बोलायला लागल्या असणार, तळव्यावरचं बोट संथ होत गेलं. संथ, आणखी संथ. आणि मग एकदा ते पडलंच नाही, फक्त करंगळी टेकली. ड्रायव्हरबाईंचा चेहरा असा उजळला की विचारू नकोस. म्हणाल्या, "आला. गाळलेला ठोका परत आला." डॉक्टरच्या यंत्रातल्या कागदावरही तेच. तो तर पुन्हा पुन्हा नळी लावून ऐकत बसला, प्रत्येक खड्ड्याला हसत. त्याच दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं मॅनेजरला लिहून दिलं की घोडा मुलांना न्यायला लायक आहे, आणि मॅनेजरनं पेटी बंद करून पंतांच्या कपाळावर हात फिरवला. आज सकाळी मी गेलो तेव्हा चार फुटांची एक मुलगी त्यांच्या पाठीवर होती आणि घसरायच्या बेतात होती. पंत थांबले होते.

'मी गेलो तेव्हा' असं लिहून गेलो. खरं तर मी रोजच जातो. इतकी वर्षं घोड्यांना औषधं पाजली, त्यांची शिंगरं ओढून बाहेर काढली, लाथा खाल्ल्या, पण मी घोड्यावर कधी बसलो नव्हतो हे तुला ठाऊक आहे का? भीती वाटायची, आणि डॉक्टरला ते कबूल करता येत नाही. आता पंतांवर बसतो. ड्रायव्हरबाई बाजूनं चालतात आणि वळण आलं की आधीच सांगतात. कानात थेंब घालायला मला एकट्याला जमत नव्हतं, ते त्या घालतात. थेंब पडल्यावर डोकं तसंच कलतं ठेवून पडून राहावं लागतं, तेवढा वेळ त्या मला बसमधल्या गमती सांगतात, आणि मला ऐकू येत नाही म्हणून नंतर सगळ्या पुन्हा सांगतात. त्यांनी लग्न केलं नाही. जमत आलं की माझी ड्यूटीची पाळी बदलायची, असं म्हणतात. तुझ्या आईबद्दल त्यांनी खूप विचारलं. ती घोड्याच्या वासानंही शिंकायची, मला अंगणात कपडे बदलल्याशिवाय घरात घ्यायची नाही, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी येताना बूट दाराबाहेर काढून आत आल्या. मी आत जाऊन पाणी प्यायलो आणि परत आलो. तुझ्या आईची आठवण आता पूर्वीसारखी एकदम येऊन छाती आवळत नाही. ती घरात असते, आम्ही दोघं बोलत असतो, आणि तिचा विषय निघतो. मला वाटतं, तिला हे आवडलं असतं. शिंकून का होईना.

तू हुशार आहेस, तुला एव्हाना कळलं असेल. तरी बापानं स्पष्ट सांगायला हवं. मी तिकडे राहायला येत नाही, टिटवे. आम्ही दोघं लग्न करतोय, पुढच्या महिन्यात, साधंसंच, पाच-सहा माणसांत. मी विचारलं नाही, त्यांनी विचारलं. मी घोड्यावर होतो आणि उतरून पळता येत नव्हतं, पण मला पळायचं नव्हतंच. हो म्हटल्यावर दोन दिवस मी फोन हातात घेऊन बसत होतो आणि खाली ठेवत होतो. मग त्याच म्हणाल्या की मुलीला फोनवर सांगू नका. फोनवर तिला लगेच काहीतरी बोलावं लागेल, तुमच्यासाठी आवाज हसरा करावा लागेल. तिच्या आईच्या जागेचा प्रश्न आहे. तिला लिहून पाठवा, म्हणजे तिला एकटीला वाचता येईल, रागवायचं तर रागवता येईल, रडायचं तर रडता येईल, आणि मनात येईल तेव्हा उत्तर देता येईल. म्हणून हे पत्र. हे वाचून झाल्यावर लगेच फोन करू नकोस. दोन दिवस घे, चार घे. मी वाट बघतो. फक्त एवढंच ठाऊक असू दे की तुझा बाप सुखात आहे, इतका की त्याला त्याचा संकोच वाटतो, आणि हे सर्वांत आधी त्याला तुलाच सांगायचं होतं.

तुझाच,
बाबा